फोटो कोणी काढला

प्रिय मास्तर,

सोबतच्या खोक्यात एक हार्ड डिस्क आहे. जपून उघड. बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे तीन थर दिलेत आणि वरून तुझ्या वहिनीने एक जुना टॉवेल गुंडाळलाय. ही डिस्क तुझ्याकडे ठेवायची आहे. टीव्हीवर नाही, फ्रिजवर नाही, कपाटात. अधूनमधून कॉम्प्युटरला जोडायची, फोटो उघडतायत ना एवढं बघायचं आणि परत ठेवून द्यायची. आत आमच्या घरातले सगळे फोटो आहेत. एक प्रत कॉम्प्युटरवर आहे, दुसरी माझ्या टेबलाच्या खणात. तिसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी हवी, म्हणजे इथे आग लागली किंवा चोर आला तरी सगळं एकदम जायचं नाही, असं लेकीचं म्हणणं. मी विचारलं, दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या? तिने फोनवरून पटकन तुझं नाव घेतलं, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून तुझ्या वहिनीनेही तुझंच घेतलं. आमच्या घरात मतदान झालं तर माझी अनामत रक्कम जप्त होईल.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन माझ्या हातात टिकतो कुठे? भावजींचा आहे का, द्या इकडे, असं म्हणत ती हात पुसत येते, आणि मग पलीकडच्या खोलीतून तिच्या हसण्याचा आवाज येत राहतो. शेवटी मला निरोप मिळतो की मास्तर तुमची चौकशी करत होते. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कुणी हातातून काढून घेत नाही.

सुरुवातीपासून सांगतो. मला हिचा एक हसरा फोटो हवा होता. अलीकडचा, समोरून काढलेला, खरोखर हसतानाचा. कशासाठी ते शेवटी लिहितो, कारण आधी लिहिलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस आणि मला तुझ्यावर जे ओरडायचंय ते राहून जाईल. तर फोटो शोधायला मी कॉम्प्युटरवरचा तो प्रोग्रॅम उघडला. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेला, आठवतो ना? तूच तो मला बसवून दिला होतास. तेव्हापासून मी सगळे फोटो त्यातच टाकत आलो. त्यात अल्बम केले, प्रत्येक फोटोखाली कोण, कुठे, कधी ते लिहिलं, आवडत्या फोटोंना तारे दिले. उघडला तर पडद्यावर पाटी: आमची सेवा लवकरच बंद होत आहे, आजवरच्या साथीबद्दल आभार. आभार कसले डोंबलाचे! घाईघाईने फोटो बाहेर काढायला गेलो तर कळलं की त्या प्रोग्रॅमने सगळ्यांचा मिळून एक भलामोठा गठ्ठा बांधून ठेवलाय आणि त्याची गाठ त्याच्याशिवाय कुणाला सुटत नाही. घर माझं, सामान माझं आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. कसेबसे फोटो बाहेर आले, पण अल्बम गेले, तारे गेले, मी लिहिलेलं सगळं गेलं. उरल्या नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली. लेकीचा शाळेचा पहिला दिवस आणि आमचा गळका नळ शेजारी शेजारी बसले होते.

लेकीला फोन केला. वसतिगृहात राहून ती हेच शिकते आहे, त्यामुळे तिने आधी मला हसून घेतलं आणि मग पद्धत सांगितली. कुठल्याही एका प्रोग्रॅमच्या भरवशावर राहायचं नाही. साधे फोल्डर करायचे आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे दोन शब्दांत प्रसंग लिहायचा. म्हणजे उद्या कुठलाही कॉम्प्युटर आला आणि कुठलीही कंपनी बुडाली, तरी फोटो आपले आपण रांगेत उभे राहतात. जास्तीचं काही लिहायचं असेल तर साध्या मजकुराची एक फाइल करून त्याच फोल्डरात, फोटोंच्या शेजारी ठेवायची. मास्तर, ही पद्धत ऐकून मला जो आनंद झाला तो तुला कळायचा नाही. मी आयुष्यभर दुकानादुकानांत जाऊन वजनं आणि काटे तपासले. तू मला उगाच तराजू म्हणत नाहीस. मी कचेरीतून रजा काढली. हिला वाटलं माझी तब्येत बिघडली.

पण त्या गठ्ठ्यात तुझेही फोटो होते. आपण कुठे फिरायला गेलो की पुढच्या आठवड्यात तू तुझ्या फोटोंची सीडी आणून द्यायचास, पुढे पुढे पेनड्राइव्ह, आणि मी ते आमच्या फोटोंत ओतून द्यायचो. आता मिसळलेला माल मला कसा सहन होणार? लेक म्हणाली, सोपं आहे बाबा, प्रत्येक फोटोच्या पोटात एक चिठ्ठी असते, कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने काढला, सगळं कॅमेराच लिहून ठेवतो. ती वाचणारा एक लहानसा फुकट प्रोग्रॅम तिने मला पाठवला. मी ठरवलं, फाइलच्या नावाच्या शेवटी काढणाऱ्याचंही नाव घालायचं. माझ्या कॅमेऱ्यातल्यांना तराजू, तुझ्यातल्यांना मास्तर. दोन दिवसांत सगळा माल वेगळा झाला, आणि मग मी आरामात बसून बघायला लागलो.

माझ्या फोटोंत तुझी वहिनी कशी दिसते सांगू? ओळखपत्रावर चिकटवायला बसवल्यासारखी. ताठ मान, हात अंगालगत, डोळे मिटलेले किंवा मिटायच्या बेतात. मागची इमारत मात्र अगदी काटकोनात. आणि तुझ्या फोटोंत? तळ्याचं पाणी एका बाजूला सांडेल इतकं तिरकं, कुणाचा तरी खांदा आडवा आलेला, कोपऱ्यात तुझंच बोट. आणि मधोमध ती, हसतेय. मान मागे टाकून, डोळे बारीक करून, एका फोटोत तर पोट धरून कठड्याला टेकलीय. डाव्या गालावर खळी. तिला खळी पडते हे मला माहीत होतं रे, अगदीच आंधळा नाही मी. पण ती एवढी खोल पडते हे मी तुझ्या फोटोंत पाहिलं.

जळलो. उगाच गोल गोल कशाला लिहू? मी जळलो. तळपायाची आग मस्तकात गेली. एकापुढे एक तुझे फोटो उघडत गेलो, दर वेळी वाटायचं की पुढच्यात तरी नसेल हसत, आणि दर वेळी असायचीच. मग मुद्दाम माझे उघडायचो आणि आणखी जळायचो. दुपारचा चहा तिने आणून ठेवला तर मी तिच्याकडे असं बघितलं की तिने विचारलं, साखर जास्त झाली का?

त्यात तुझा आळस. कॅमेऱ्यातलं घड्याळ तू जन्मात कधी लावलं नाहीस. बॅटरी काढली की तुझा कॅमेरा कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर परत जायचा, एक जानेवारी, आणि वर्ष कुठलं, तर आमच्या लग्नाच्या आदलं. त्यामुळे तारखेनुसार रांग लावली तर तुझे फोटो सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या मते माझी बायको माझ्याशी लग्न व्हायच्या आधीपासून तुझ्यासमोर उभी राहून हसत होती. एकात तर तिच्या कडेवर आमची लेक आहे, पुढचे दोन दात आलेली, तारीख लग्नाआधीची! हे असं बघून कुणाचंही डोकं फिरेल.

आता त्यांना खऱ्या तारखा द्यायच्या म्हणजे प्रत्येक फोटो निरखून बघणं आलं. लेकीचे दात किती आलेत, हिचे केस किती लांब आहेत, जिन्याची भिंत रंगवण्याआधीची की नंतरची, मागे उभ्या असलेल्या तुझ्या लाल गाडीवर 'शिकाऊ' पाटी नवी आहे की तडकलेली. एरवी मी तुझे फोटो झरझर पुढे सरकवले असते. तुझ्या त्या न लावलेल्या घड्याळामुळे मला तिच्या एकेका हसण्यासमोर भिंग घेऊन बसावं लागलं. सूड घ्यायचा म्हणून कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

शेवटी मी तिलाच मदतीला बोलावलं. दुपारी खाली तिच्या पाळणाघरातली पोरं निजली की ती वर यायची आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहायची. तुझा फोटो लावला की सुरू. हा तळ्यावरचा, भावजींची चप्पल पाण्यात गेली आणि ते एकाच चपलेने घरी आले तो दिवस. हा नव्या पुलाजवळचा, पोरीला ताप होता आणि आपण औषध घरीच विसरलो होतो. हा त्या आईस्क्रीमच्या दुकानाबाहेरचा, शनिवार होता, तुम्ही दुकानदाराचा काटा तपासायला लागलात म्हणून त्याने आपल्याला बाहेर काढलं. वार, ऋतू, कुणाच्या अंगात कुठला स्वेटर होता, सगळं तोंडपाठ. आणि माझा फोटो लावला की म्हणायची, असेल कुठलातरी. एकदा मी हट्टाने माझा सगळ्यात मेहनतीचा फोटो लावला. त्याच्यासाठी मी तिपाई खांद्यावर घेऊन टेकडी चढलो होतो, तुला आठवत असेल, तू खालीच बसून राहिलास. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ह्यात मी कुठे आहे? होती रे, उजवीकडे, मोठ्या दगडापाशी. जरा लहान आली होती.

तुझ्या प्रत्येक फोटोला मी तिला एकच गोष्ट विचारायचो: इथे एवढं हसायला काय झालं होतं, काय म्हणाला होता तो? तर म्हणायची, ते सांगून कळायचं नाही. फारच मागे लागलो तर म्हणायची, भावजींना विचारा. आणि पुन्हा गालातल्या गालात हसायची, पडद्याकडे बघून.

बाहेरच्या खोलीतला मोठा फोटो तुला माहीतच आहे. सायकलचं हँडल धरून ती हसतेय तो. चौकट करून मीच तो लावला, आणि इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो की हा मी काढला, उजेड कसा बघितला, किती पावलं मागे सरकलो. तुझ्या बहिणीलासुद्धा मी तासभर समजावून सांगितलंय. गेल्या आठवड्यात त्याची मूळ फाइल सापडली. चिठ्ठी वाचली. कॅमेरा तुझा, तारीख अर्थातच एक जानेवारी. मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा लेकीला फाइल पाठवून वाचायला लावली. मग हिच्याकडे गेलो, तर ही शांतपणे पोरांचे नॅपकिन घड्या घालत म्हणाली, मला माहीत होतं की. भावजींनाही माहीत होतं. ते म्हणाले, राहू दे वहिनी, त्याला एवढा आवडलाय तर त्याचाच असू दे. मास्तर, तू मला तेव्हाच चारचौघांत खोटं पाडलं असतंस तर परवडलं असतं. तुझा तो मोठेपणा माझ्या घशाखाली उतरत नाही. तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून चहा पीत होतात, भिंतीवर तो फोटो होता, आणि मी पावलं किती मागे सरकलो ते सांगत होतो.

तिला गाडी शिकवतानाही तेच. आधी मी शिकवायला बसलो होतो. पहिल्याच कोपऱ्यावर मी एवढा ओरडलो की तिने गाडी तिथेच बंद केली, किल्ली माझ्या मांडीवर ठेवली आणि चालत घरी गेली. मग तू तिला तुझ्या ड्रायव्हिंगच्या शाळेतल्या लाल गाडीत बसवलंस. फाटकातून गाडी आत येताना मी वरून बघायचो. तू दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून मजेत मागे रेललेला आणि तिचं हसून हसून तोंड लाल झालेलं. गाडी मात्र ती सरळ रेषेत मागे घ्यायची, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. मला आजही तशी घेता येत नाही.

गैरसमज करून घेऊ नकोस. तसला संशय माझ्या मनात कधी आला नाही, आणि आला असता तर ते सोपं झालं असतं. भांडलो असतो, तुझी कॉलर धरली असती, मोकळा झालो असतो. इथे कुणाची कॉलर धरू? मी एवढा जीव तोडून कॅमेरा रोखायचो आणि मला हसू मिळायचं नाही. तुला ते न मागता मिळायचं, आणि वर तू ते सीडीत घालून मलाच आणून द्यायचास, त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरात आमच्या लेकीचं टोपणनाव लिहून. हे कुठल्या काट्यावर तोलायचं ते मला कळत नाही.

पुढे तू शाळा बंद केलीस, गाडी विकलीस आणि बहिणीच्या गावी राहायला गेलास. त्यानंतरच्या फोल्डरांत मास्तर नाही. सगळे फोटो तराजूचे. मी त्या वर्षांपर्यंत पोचलो तेव्हा मला हायसं वाटलं, की चला, आता निदान स्पर्धा नाही. मी एकेक फोल्डर उघडत गेलो. लेकीचा निकाल, नवं कपाट, हिच्या पाळणाघराला रंग दिला तो दिवस, समुद्रावर गेलो होतो तो. मास्तर, त्यात एकही हसरा फोटो नाही. ती हसत नाही असं नाही. दिवसभर त्या चिल्ल्यापिल्ल्यांत हसतच असते, खालून आवाज येतो. पण मी कॅमेरा उचलला की तपासणीला निरीक्षक आल्यासारखी सावरून बसते.

मागच्या रविवारी मी ठरवूनच बसलो. खिडकीजवळ खुर्ची ठेवली, पांढरा पडदा अर्धा ओढला, उजेड छान मऊ झाला. तिला बसवलं. म्हटलं, हस. तिने दात दाखवले. म्हटलं, मनापासून हस. तिने जास्त दात दाखवले. मग मी एक विनोद सांगितला, आणि ती नुसतीच बघत राहिली म्हणून त्याचा अर्थही समजावून सांगितला. शेवटी ती वैतागून म्हणाली, तुमच्याच्याने नाही व्हायचं हे, भावजी हवेत. मग माझाही तोल सुटला. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि म्हटलं, एकदाचं सांग बाई, असं काय सांगायचा तो तुला? ती म्हणाली, काही सांगायचे नाहीत, तुमची नक्कल करायचे.

मग तिने सगळं सांगितलं. तू कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी नाक मुरडायचास, एक डोळा मिटून आभाळाकडे बघायचास, बोट ओलं करून वर धरायचास, जसा काही उजेड वाऱ्याबरोबर येतो, आणि माझ्या आवाजात म्हणायचास, जरा थांबा, अजून पुरेसा नाही. आणि मी म्हणे नेमका तुझ्या पाठीमागे उभा असायचो, खरोखरच एक डोळा मिटून आभाळाकडे बघत. अस्सल आणि नक्कल तिला एकदम दिसायचे. सांगता सांगता तिने करून दाखवलं. माझी नक्कल करणारा तू, आणि तुझी नक्कल करणारी ती. नाक मुरडलं, बोट वर धरलं, जरा थांबा म्हणाली, आणि तिला स्वतःलाच असं हसू फुटलं की खुर्ची हलली. तीच ती, मान मागे, डोळे बारीक, खळी. माझ्यासमोर, माझ्या खिडकीत, माझ्या कॅमेऱ्यापुढे. आणि मी काय करत होतो? उजेड बघत होतो. बटण दाबेपर्यंत ती रुमालाने डोळे पुसायला लागली होती. तो फोटो आहे माझ्याकडे, डिस्कमध्येही आहे. नुसता रुमाल दिसतो.

तेव्हापासून मला धड राग येत नाही आणि धड गप्प बसवत नाही. इतकी वर्षं ती माझ्यामुळेच हसत होती आणि ते फक्त मलाच ठाऊक नव्हतं. तुझ्यावर जळत बसलो होतो, आता वाटतं तुझ्या नकलेतल्या त्या तराजूवरच जळावं. काल मी आरशासमोर उभा राहून स्वतःची नक्कल करून पाहिली. नाक मुरडलं, डोळा मिटला, बोट वर केलं. ही दारातून बघत होती. म्हणाली, काय शोधताय? माझ्यात आणि नकलेत तिला काही फरकच दिसला नाही. स्वतःची नक्कल स्वतःला जमत नाही, मास्तर, नुसतं वागल्यासारखंच होतं.

आता फोटो कशाला हवा ते. तिच्या डाव्या कानापुढे गाठ आली आहे. काढावी लागणार. जिवाला धोका नाही असं डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं, पण गालाला हलवणारी नस त्या गाठीतूनच जाते. काढताना ती दुखावू शकते. दुखावली तर डावा गाल काही महिने उचलला जाणार नाही, कदाचित कधीच नाही. तिने डॉक्टरबाईंना एकच विचारलं, पोरं मला घाबरतील का? नंतरचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिचा अलीकडचा, अगदी खरा हसरा फोटो आणून ठेवायला सांगितलंय. तो आरशाशेजारी लावायचा आणि रोज त्याच्याकडे बघून गाल उचलायला शिकायचं. जुना चालणार नाही, आताचा चेहरा हवा. तुला सांगू नका म्हणून तिने मला शपथ घातली आहे, आणि हल्ली तुझा फोनही ती लवकर ठेवते, ते तुझ्या लक्षात आलं असेल. डिस्क काय, लेकीच्या वसतिगृहातही राहिली असती. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी ये. फोटो माझ्याच कॅमेऱ्याने काढायचा, एवढी एक अट आहे, ती मी सोडणार नाही. नक्कल मात्र पोटभर कर, माझी भीडभाड ठेवू नकोस. मी तुझ्या मागेच उभा असेन. तिला मी नीट दिसेन एवढा जरा बाजूला सर.

तुझाच,
तराजू